खिंडीत अडलेलं रक्त

दुखणं सांगत फिरणाऱ्या बाया मला कधी आवडल्या नाहीत. आमच्या गाडीत रोज दोन-चार तरी चढतात. तिकीट द्यायला गेलं की आधी गुडघा सांगतात, मग पित्त, मग सुनेचा स्वभाव. "मावशी, कुठं जाचं ते सांगा आधी," असं म्हणून मी पुढं सरकते. आणि आता मीच माझं दुखणं घेऊन बसले आहे, तेही लेखी! पण हे सांगावंच लागेल. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात माझ्यासारख्या किती जणी धडधाकट फिरत असतील आणि आपल्या रक्तात काय आहे ते त्यांना माहीत नसेल, या विचारानं मला अजून धस्स होतं.

मी सविता. दिग्रसला राहते, सरकारी बसवर कंडक्टर आहे. नवरा प्रकाश, त्यांची मालाची पिकअप आहे. सिमेंट, सरकी, खत, जे मिळेल ते वाहतात. आम्ही बंजारा. आमचे खापरपणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख तुडवायचे, आणि ह्यांना त्याचा भारी अभिमान. "आपल्या रक्तातच रस्ता हाये," हे ह्यांचं ठरलेलं वाक्य. मी म्हणायची, "हो ना, म्हणूनच घरी टिकत नाही तुमी."

लग्नाला पंधरा वर्षं झाली, तेव्हा ह्यांनी जाहीर केलं की आपण जुनी कार घेऊन हिमालयात जायचं. विमान नाही, टूर नाही, स्वतः चालवत जायचं. मी म्हटलं, "बाप्पा! दिग्रसहून? इथं पुसदचा घाट आला तं तुमची गाडी गरम होते." पण माझ्याही मनात होतंच. आयुष्यभर दुसऱ्यांची तिकिटं फाडली, एकदा आपणही कुठंतरी जावं. पोळा झाल्यावर रजा मिळाली. आमची तनू सहावीत आहे, तिच्यापाशी राहायला माझी आई तांड्यावरून दिग्रसला आली. आईला आम्ही याडी म्हणतो. याडीनं चिवडा बांधून दिला, ओवा आणि काळं मीठ पुडीत दिलं आणि म्हणाली, "थंडीत अंग झाक." एवढंच म्हणाली.

आडोसा

मनालीपर्यंत सगळं गोडच होतं. ह्यांना स्टिअरिंगवर बसलं की गाणी सुचतात. मी शेजारी बसून "जाऊ द्या" म्हणायचे, आणि हे "डबल बेल कुठं हाये, कंडक्टर?" म्हणून चिडवायचे.

मनालीहून बोगदा पार केला आणि जग बदललं. झाडं संपली. उजवीकडे राखाडी रंगाची नदी, वर बर्फ, आणि रस्ता म्हणजे नुसती गोट्यांची रास. एका वळणावर ह्यांनी गाडी थांबवली आणि बोट दाखवलं, "ते पाय, हिमनदी." मी पाहिलं. मला वाटलं होतं पांढरीशुभ्र, कॅलेंडरवर असते तशी असेल. ही तर काळीमिट्ट, वरून खडी-मुरूम पसरलेला. मी म्हटलं, "अहो, ही तं आपल्याकडली गिट्टीखदान वाटते." हे हसत सुटले. पण मग उन्हानं ढग बाजूला सारले आणि त्या खडीखालचा बर्फ निळा चमकला. खरंच सांगते, मी हात जोडले. एवढं थोर काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

आता माझी चूक सांगते, आणि ही चूक फक्त माझ्या धंद्यातली बाईच करू शकते. गाडीवर असताना आम्ही पाणी पीत नाही. सकाळी घरून निघताना एक घोट, मग उतरेपर्यंत काही नाही. फेरी लांब, थांबा दोन मिनिटांचा, जायचं कुठं? नव्या पोरी लागतात त्यांना आम्ही जुन्या बाया पहिल्या आठवड्यात हेच शिकवतो. यवतमाळच्या उन्हाळ्यातसुद्धा मी अशीच राहते. ओठ सुकले की जीभ फिरवायची आणि तिकीट फाडायचं. शरीर ऐकतं, असा माझा समज होता.

त्या रस्त्यावर तर आडोसा म्हणून काडी नाही. आपल्याकडे कपाशीची पऱ्हाटी असते, तूर असते, काही नाही तर बाभळीचं झुडूप असतं. तिथं डोळा जाईल तिथवर उघडे डोंगर, आणि रस्त्यावर मोटरसायकलवाल्या पोरांचे जत्थे. मी ठरवलं, पाणी नकोच. आणि थंडीत तहान लागतच नाही. हे म्हणत होते, "पी ना थोडं," आणि मी म्हणत होते, "तुमचं काय जाते! तुमी कुठंबी उभे राहता." दोन दिवस मी जवळजवळ कोरडीच होते.

बरगडीखाली

कुंझुम खिंडीवर पोचलो. वर छोटं मंदिर आहे, तिथं गाड्या प्रदक्षिणा घालून पुढे जातात. आम्हीही घातली. समोर बर्फाची शिखरं, एवढी जवळ, की हात लावावा. मी खाली उतरले, चार पावलं टाकली, आणि डाव्या बरगडीखाली कुणी पेचकस खुपसून फिरवावा तशी कळ आली.

मी किंचाळलेच. मी! बाळंतपणात दात दाबून पडलेली बाई मी, गर्दीत पाय चिरडला तरी तिकीट पूर्ण करणारी. ह्यांना वाटलं मी मजा करते आहे. माझा चेहरा पाहिला आणि ह्यांचा रंग उडाला.

"काय झालं वं?"

"गॅस हाये. ओवा द्या."

ओवा खाल्ला, काळं मीठ खाल्लं. पाणी मागितलं, ते लगेच उलटून पडलं. कळ डाव्या खांद्यापर्यंत चढली. खोल श्वास घेतला की आत काहीतरी फाटतंय असं वाटायचं, म्हणून मी लहान लहान श्वास घेत पडून राहिले. शेजारच्या गाडीतल्या एकानं सांगितलं, उंचीमुळे होतं असं, खाली उतरा. उतरलो. पलीकडच्या खोऱ्यात तालुक्याएवढं एक गाव आहे, तिथं लॉज घेतला. तेही गाव आपल्या सातपुड्यापेक्षा किती उंच! मला कुठून कळणार? मला वाटलं, उतरलो म्हणजे उतरलो.

सकाळी मला उठून बसता येईना.

डॉक्टरीणबाईंचा प्रश्न

गावातला सरकारी दवाखाना छोटा, पण शेगडी पेटवलेली, उबदार. डॉक्टरीण तरुण, गोरीपान, गाल थंडीनं फुटलेले. तिनं पोट दाबलं, मी तिचा हातच धरला. तिनं नाकाला ऑक्सिजन लावला, सलाइन लावलं आणि विचारलं की पाणी किती प्यायलात. मी खरं सांगितलं. ती म्हणाली, मग मुतखडा असू शकतो, कळ डावीकडेच आहे. पण लघवी तपासली तर खड्याची खूण दिसेना. सोनोग्राफी खालच्या मोठ्या दवाखान्यातच होणार होती.

मग तिनं आमचं गाव विचारलं. हे म्हणाले, यवतमाळ. तिला कळलं नाही. "महाराष्ट्र, विदर्भ, नागपूरके बाजूमें," ह्यांनी सांगितलं. ती थांबली. हातातला पेन खाली ठेवला आणि हिंदीत म्हणाली, "तुमच्या भागात सिकल सेल असतो. तुमच्या घरी कुणाला आहे का? तुम्हाला कधी सांगितलंय?"

मी दुखत असतानासुद्धा चिडले. मी म्हटलं, मी एवढी धडधाकट, नोकरीवाली, मला कसला सिकल? तिनं शांतपणे समजावलं. पूर्ण आजार असलेल्याला लहानपणापासून त्रास होतो. पण काहींच्या रक्तात तो निम्मा असतो. असा माणूस जन्मभर ठणठणीत राहतो, त्याला कळतही नाही. फक्त फार उंचीवर, हवा विरळ असताना, अंगातलं पाणी आटलं, तर क्वचित रक्त पाणथरीत अडकतं. पाणथरी म्हणजे प्लीहा, डाव्या बरगडीखाली असते ती. आणि मग तिनं खरी गोष्ट सांगितली. खाली जायला दोन रस्ते आहेत. मुतखडा असेल तर आलात तसे खिंडीवरून परत जा, जवळ पडेल. सिकल असेल तर खिंड चढायची नाही. तिथं पुन्हा तसंच झालं तर मी जबाबदारी घेऊ शकत नाही. मग नदीकाठचा लांबचा रस्ता धरा. तिच्याकडे रक्ताची ती तपासणी नव्हती. अँब्युलन्स एका अडलेल्या बाळंतिणीला घेऊन आधीच खाली गेली होती.

"घरी फोन करून विचारा," ती म्हणाली.

ह्यांनी तिथूनच याडीला लावला, स्पीकरवर. याडी आमच्या गोरबोलीत बोलते, मी इथं वऱ्हाडीत लिहिते, म्हणजे सगळ्यांना कळेल.

"मामी, सविताचं पोट दुखून राह्यलं. डॉक्टरीनबाई विचारतात, तुमच्या घरी कोनाले सिकल हाये का? सविताले?"

पलीकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. 

"नाही जी, जावाईबापू. आपल्यात नाही तसलं. ते त्या लोकाईत असते."

त्या लोकाईत म्हणजे कुणात, हे आमच्याकडे कुणी विचारत नाही. प्रत्येक जातीला दुसरी एक जात ठाऊक असते, जिच्यात असे आजार असतात. मलाही उत्तर ऐकून बरंच वाटलं. डॉक्टरीणबाईंचं तोंड मात्र उतरलेलं होतं. ती म्हणाली, तरी मी लांबचा रस्ताच सांगेन. पण हे म्हणाले, "म्याडम, लांबच्या रस्त्यात हिचं काही झालं तं?" माझ्या कण्हण्यानं त्यांचं डोकं चालेनासं झालं होतं. जवळचा तो चांगला, एवढंच त्यांना दिसत होतं.

पेट्रोल पंपावर

मागच्या सीटवर मला आडवं केलं, ऑक्सिजनचं छोटं सिलिंडर पायाशी. गावाच्या टोकाला पंप आहे, तिथं टाकी भरायला थांबलो. तिथून पुढं फोन लागत नाही, खिंड ओलांडेपर्यंत.

तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. हे खाली उतरले, दार लावलं. काचेतून मला त्यांचं तोंड दिसत होतं, आवाज नाही. आधी ते "हो, हो" करत होते. मग त्यांनी फोन कानापासून दूर केला, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कानाला लावला. मग ते पंपाच्या खांबाला टेकले. मागची गाडी हॉर्न देत होती आणि ते हलत नव्हते.

आत येऊन बसले. चावी फिरवली नाही.

"सविता, तुले हाये."

"काय हाये?"

"सिकल. अर्धा. तू तिसरीत होती तवाच कळलतं. तुह्या याडीले माहीत हाये."

 राग नाही, रडू नाही. मी गाडीच्या छताकडे पाहत होते. छताचं कापड एका कोपऱ्यात निघालेलं होतं आणि मी त्याच कोपऱ्याकडे पाहत राहिले. मला आठवलं, आश्रमशाळेत नागपूरहून डॉक्टरांची गाडी आली होती. आमच्या बोटाला सुया टोचल्या होत्या आणि प्रत्येकीला बिस्किटाचा पुडा मिळाला होता. मी दोन मिळतील म्हणून दुसरं बोट पुढं केलं होतं. एवढंच मला आठवत होतं. याडीला त्यापुढचं सगळं आठवत होतं, आणि ते तिनं मला कधीच सांगितलं नव्हतं.

हे म्हणाले, "रडून राह्यलती फोनवर. म्हणे, जावाईबापू, मी खोटं बोलली, मागं फिरा." त्यांनी गाडी वळवली.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला परत आलेलं पाहिलं आणि त्यांना न सांगताच कळलं. त्या रागावल्या नाहीत. सलाइनची दुसरी बाटली लावली, दुखणं उतरायचं इंजेक्शन दिलं, खालच्या दवाखान्यात फोन केला आणि माझ्या हातात पाण्याची मोठी बाटली दिली. "थेंबाथेंबाने पीत राहा. उलटी झाली तरी प्या." ते पाणी मी जन्मात विसरणार नाही, कोमट आणि किंचित धुरकट वासाचं.

उतार

लांबच्या रस्त्याबद्दल मी काय सांगू? लोक हजारो मैल येतात तो पाहायला. मी तो सीटच्या फोमला नाक लावून काढला. कधी खिडकीत लाल कडा दिसायचा, कधी खूप खाली नदी, कधी नुसतं आकाश. प्रत्येक खड्ड्याला बरगडीखाली सुरी फिरायची. मध्ये एक लांब चढ आला तेव्हा मी घाबरून ह्यांचा खांदा मागून धरला, आणि हे म्हणाले, "खिंडीएवढा नाही, खिंडीएवढा नाही," तोच एक मंत्र.

मला वाटत होतं मी मरणार. खरं सांगते, मोठे विचार येत नाहीत तेव्हा. मला येत होतं की तनूच्या गणवेशाची शिलाई उसवली आहे, तिला शिवता येत नाही. आणि मध्येच, उकळी फुटावी तसं, याडीचं तोंड समोर यायचं. आई होऊन असं कसं लपवू शकते? पोटच्या पोरीपासून?

जसं खाली येत गेलो तसे सफरचंदाचे मळे दिसायला लागले, हवा जड झाली. नदी मोठी झाली. आणि एका वळणावर मला कळलं की मी पुरता श्वास घेतलाय आणि आत काही फाटलं नाही. मी ह्यांना सांगितलं नाही, नजर लागेल म्हणून.

वॉर्ड

मोठ्या दवाखान्यात पोटाचे फोटो निघाले, रक्त गेलं. सर्जन वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी कागदावर पाणथरीचं चित्र काढलं आणि त्याचा एक तुकडा पेनानं काळा केला. "एवढा भाग मेलाय. उरलेला जगतो का बघायचं. तो गेला किंवा फुटला तर काढावी लागेल." रक्ताचंही आलं. निम्मा सिकल. याडी दुसऱ्या फोनवर खरं बोलली होती.

मग वाट पाहायची. रोज सकाळी ते यायचे, पोट दाबायचे, माझ्या तोंडाकडे पाहायचे आणि "उद्या बघू" म्हणून जायचे. मला या दोन शब्दांची एवढी दहशत बसली की त्यांच्या बुटांचा आवाज आला तरी मी चादर हनुवटीपर्यंत ओढून घ्यायचे. ज्यांना असं कॉटवर पडावं लागलंय त्यांना सांगते, भीती वाटली तर वाटू द्या. मी शूर असल्याचं नाटक केलं, त्यात दमले जास्त.

शेजारच्या कॉटवर हिरव्या मखमली पट्टीची टोपी घालणारी एक पहाडी आजी होती, पाय मोडलेली. तिला माझं कळत नव्हतं, मला तिचं. ती रोज माझ्या हातात वाळलेलं जर्दाळू ठेवायची आणि मी खाईपर्यंत डोळे वटारून पाहायची. नर्सेस गोड होत्या. गरम पाणी मागितलं की मिळायचं. एवढं पाणी मी आख्ख्या नोकरीत प्यायले नसेन.

आणि एक दिवस ह्यांचा बांध फुटला. नीट झोप नाही, जेवण नाही, घरून सारखे फोन. हे खिडकीशी उभे राहून म्हणाले, "लपवून लग्न लावलं तुह्या याडीनं. पोरगी गळ्यात मारली."

मी म्हटलं, "मंग काढा गळ्यातून. इथंच सोडून जा, मोठा दवाखाना हाये, फेकणार नाहीत."

ते बाहेर गेले. मी उशीत तोंड घालून रडले, आणि मला सगळ्यात जास्त कशाचं रडू आलं? की ते बोलले ते खरं होतं. याडीवर तसाच राग मलाही होता, पण तो माझा होता, त्यांना करायचा हक्क नव्हता. परत आले तेव्हा त्यांच्या दंडाला कापूस चिकटवलेला होता. स्वतःचं रक्त देऊन आले होते तपासायला. "तनूसाठी," म्हणाले. मग माझ्या मागं बसले आणि माझे केस विंचरायला लागले. दिवसचे दिवस कुणी हात लावला नव्हता केसांना. वेणी घातली ती दोरखंड वळल्यासारखी, पिकअपवर माल बांधतात तशी आवळून. दुखली. पण मी सोडली नाही. त्यांचा रिपोर्ट साफ आला, म्हणजे तनूला पूर्ण आजाराची भीती नव्हती.

शेवटी एका सकाळी सर्जननी पोट दाबलं आणि मी त्यांच्याकडे नुसतं पाहत राहिले. त्यांनी पुन्हा दाबलं. "दुखत नाही?" मी मान हलवली. ते पहिल्यांदा हसले. "ऑपरेशन नको." मी उठून त्यांच्या पाया पडायला गेले, तर त्यांनीच ओरडून मला झोपवलं.

याडी

परत ट्रेननं आलो. गाडी ह्यांनी नंतर जाऊन आणली. याडी दारात उभी होती. तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. तनू बिलगली. मी याडीशी बोलले नाही. तिनंही बोलायचा प्रयत्न केला नाही. ती जेवण वाढायची, मी जेवायचे, ताट सरकवायचे. असं किती दिवस चाललं असेल! घरात तनूसुद्धा हळू बोलायला लागली.

एके दुपारी ती अंगणात भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती. मी समोर जाऊन बसले.

"याडी, काहून नाही सांगितलं?"

ती सोलतच राहिली. मग सांगायला लागली, खाली पाहत. शाळेतल्या नर्सबाईंनी तिला बोलावून सांगितलं होतं, पोरीला अर्धा सिकल आहे, त्यानं काही होत नाही, फक्त लग्नाच्या वेळी मुलाचं तपासा. याडी घरी आली आणि आजीला सांगितलं. आजी म्हणजे तिची सासू, माझी दादी. दादीनं तिला चुलीपुढून उठवलं. "तुह्या माहेरचं किडकं रक्त आनलं माह्या घरात," म्हणाली. "कोनाजवळ बोलशील तं माहेरी धाडीन, पोरीसकट." माझे वडील ऐकून गप्प बसले. ते मी दहावीत असताना साप चावून गेले. दादीही गेली. पण तोंड बंद ठेवायची याडीची सवय गेली नाही.

"तुह्या लग्नाच्या वक्ताले म्या जावाईबापूच्या तब्येतीचं गुपचूप विचारलं दहा जनाले," ती म्हणाली. "धट्टाकट्टा हाये म्हणे. मले वाटलं, झालं."

"तपासलं तं नाही ना!"

"नाही तपासलं." तिनं शेंग खाली ठेवली. "सविता, तुले भाऊ नाही, बहीन नाही. लोक म्हनत, हिची कूस आटली. आटली नव्हती. शाळेतल्या तुह्या त्या सुईनंतर म्या माहेरी गेलती ना महिनाभर? तवा ऑपरेशन करून आली. कोनाले नाही सांगितलं, तुह्या बापालेही नाही. म्हनलं, माह्या रक्ताचं अजून एक लेकरू नको."

मी थक्क झाले. हा दुसरा धक्का पहिल्यापेक्षा मोठा होता. आमच्या तांड्यात एका पोरीवर थांबलेली बाई म्हणजे जन्माची टिंगल. मी लहान असताना बायका तिला लग्नाच्या हळदीला हात लावू देत नसत. ते सगळं तिनं गिळलं, माझ्या बोटातल्या त्या थेंबासाठी.

मी तिला म्हटलं, "उद्या चाल. तू, मी, तनू. तिघीचं रक्त पाहू."

"माह्यं कायले? माह्यं माहीत हाये मले."

"तरी चाल."

सरकारी दवाखान्यात सिकलचं वेगळं टेबल असतं, फुकट होतं सगळं. जाऊन या, मी हात जोडून सांगते. निम्मा निघाला तर आकाश कोसळत नाही. पाणी प्या, फार उंच जाताना डॉक्टरला विचारा, लग्नाआधी दोघांचंही पाहा. तनूचं माझ्यासारखंच निम्मं निघालं, आणि ते मी तिला तिथंच, त्याच बाकावर सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी पण पानी पीत राहू?" एवढ्यावर संपलं. एवढंच असतं ते, सांगितलं तर.

मग टेबलामागच्या बाईंनी याडीचा रिपोर्ट पाहिला. "मावशी, तुमचं एकदम नॉर्मल आहे."

याडी म्हणाली, "पुन्हा पाहा बाई. माह्यंच हाये ते."

"नाही मावशी, तुमच्यात काहीच नाही. यांना वडिलांकडून आलं असेल."

मला वाटलं ती सुटली, आता हसेल, दादीला दोन शिव्या देईल. मी तिचा दंड धरून तिला बाकावर बसवलं. ती आपल्या हाताकडे पाहत होती, सुई टोचली तिथं.  मग तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या आईचे डोळे एवढे उघडे मी कधी पाहिले नव्हते.

"सविता," ती म्हणाली, "मंग तुह्यामागची लेकरं म्या कायले नाही होऊ देली?"

मी जवळ बसले आणि तिचा हात माझ्या मांडीवर घेतला.